गाईला पसंत पडलेला रेनकोट

आमच्या भागात रेनकोट घेणाऱ्याला लोक जरा हसतात. बारामती काय, इंदापूर काय, पावसाची वाट बघण्यातच वर्ष जातं. त्यात तो चार दिवस आला, तर त्याच्यापासून अंग लपवायचं म्हणजे पाहुणा आल्यावर दार लावून घेतल्यासारखं. मीही त्यातलाच. तीस वर्षं मोटारसायकलवर फिरलो, पण पाऊस आलाच तर युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर घ्यायची, दोरीनं कमरेला बांधायची आणि निघायचं, एवढंच ठाऊक.

माझं काम गाईंना कृत्रिम रेतन करायचं. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही हे त्यांनाही माहीत आहे. गाय माजावर आली की फोन येतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळच्या आत पोचावं लागतं, नाहीतर पुढचे वीस-एकवीस दिवस हात चोळत बसा. गाय काही पाऊस उघडायची वाट बघत नाही. वीर्यकांड्या गार ठेवणारा नायट्रोजनचा डबा गाडीला बांधायचा आणि सुटायचं. हे काम मला मनापासून आवडतं. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

अलीकडं पावसानं ताळ सोडलाय. ऐन मे महिन्यात धो धो. असाच एकदा मी बावड्याहून भिजत आलो, आणि तापानं जो आडवा झालो तो आठ दिवस बारामतीच्या दवाखान्यात. न्यूमोनिया. घरी आल्यावर बायकोनं शांतपणे सुनावलं. ओरडली असती तर परवडलं असतं.

"आता एकदा जरी भिजून आला, तर गाडीची चावी माझ्याकडं. मग दादाच्या दुकानात बसायचं. मी बोललीया त्येला."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याचं भवानीनगरला पशुखाद्याचं दुकान आहे. माणूस सज्जन, वर पंखा, खाली खुर्ची, दोन वेळा चहा. पण तिथं बसायचं नुसतं मनात आलं तरी मी उठून गाडी पुसायला लागायचो. गाय बघायची नाही, नुसती तिची पेंड विकायची? छ्या!

तेव्हा मुकाट्यानं बारामतीच्या बाजारात गेलो. तिथं रेनकोट, छत्र्या, ताडपत्र्या विकणारे एक चाचा आहेत. त्यांनी माझी शाळाच घेतली. "कापडाला फसू नका डॉक्टर. कापड सगळं चांगलंच असतंय, पाणी शिरतंय ते शिवणीतनं. उलटा करून बघा. शिवणीवर आतनं पट्टी पायजे. आन गाडीवर बसल्यावर पाणी मांडीत साचतंय, तवा बैठकीला जोड नसावा."

मी सगळं तपासून घेतलं. आतून पट्टी होती. चेनवर झाकण होतं, मनगटाला आवळपट्टी होती, विजार बुटाच्या खालपर्यंत येत होती. रंग पिवळाधमक, म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला लांबून दिसेल. आरशात मी फवारणीच्या पंपासारखा दिसत होतो, पण जिवावर आलेलं कपड्यावर निभावत असेल तर कोण नको म्हणेल?

आठवड्याच्या आत इंदापूरकडच्या एका वस्तीवरून फोन आला. पाऊस लागलेला. मी ऐटीत निघालो, कोरडा ठणठणीत पोचलो, गोठ्यात पाऊल टाकलं आणि गाईनं दावं तोडायचं तेवढं बाकी ठेवलं. एरवी ही गाय म्हणजे गरीब! डोळे वटारून, फुसफुसत, गोल गोल फिरायला लागली. मागं जावं तर लाथ.

मालक म्हणाला, "डॉक्टर, पिवळं बघून बुजली वो. काढा ते."

काढला. गोठ्याला पत्रा अर्धाच, आणि मी नेमका उरलेल्या अर्ध्यात. काम झालं तोवर बनियनसुद्धा चिंब. वरून रेनकोट चढवून मी शहाण्यासारखा घरी आलो.

दवाखान्यातून आल्यापासून हिची एक सवय झाली होती. मी दारात आलो की ती मागून माझ्या कॉलरच्या आत हात घालायची. तसा घातला.

"अगं बया! रेनकोट वरनं भिजलाय त्ये बरूबर हाय. पर आतनं तुमी कसं काय भिजला?"

खोटं बोलायची माझी तयारी नव्हती. म्हणालो, "गाईनं अंगात ठेवू दिला नाही."

ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की भिंतीला टेकली. मला वाटलं, सुटलो. तर हसत हसतच तिनं माझ्या हातातली गाडीची चावी काढून घेतली आणि चहाच्या डब्यात टाकली. "हासले म्हंजी माफ केलं न्हाय हां!"

त्या दिवसापासून चावी मागून घ्यायची पाळी आली. मी मागायचो, ती अंगणात जाऊन आभाळ बघायची. स्वच्छ असलं तर चावी मिळायची. भरून आलं असलं की म्हणायची, "दुसऱ्या कुणाला तरी बोलवा म्हणावं." या वयात, आपल्याच घरात, आपल्याच गाडीसाठी! दोन ठिकाणचे फोन मी असे घालवले. दुसऱ्या फोननंतर तिनं भावाला सांगितलं, की महिनाअखेरीला हे येतील दुकानात. मला जेवण गेलं नाही.

मी पिवळा परत करून गडद निळा आणला. या वेळी शहाणपण केलं, आधी घरच्या गाईपुढं गेलो. तिनं मान फिरवली आणि बादली अशी उडवली की ती उकिरड्यावर जाऊन पडली. मी चिडलो. गाईवर चिडलो, चाचांवर चिडलो, रेनकोट काढून फेकून दिला. बायको तो उचलून भिंतीपलीकडं घडी घालायला लागली.

आणि थांबली. पुन्हा घडी मोडली, पुन्हा घातली.

"अवो, इकडं या. गाईचं कान बघा."

भिंतीआडून गाईला काहीच दिसत नव्हतं. पण कापड खसखसलं की तिचे कान ताठ व्हायचे आणि रवंथ थांबायचा.

"तिला रंगाचं काय बी न्हाय. आवाज खपत न्हाय तिला."

तीस वर्षं गाईंच्या मागं उभा राहिलेला मी! आणि ओळखलं हिनं. लाज वाटली, पण लाजेपेक्षा जास्त आनंद झाला, हे खरं सांगतो.

दुसऱ्या दिवशी बायको स्वतः माझ्या मागं गाडीवर बसून चाचांच्या दुकानात आली. तिनं डोळे मिटले आणि एकेक रेनकोट कानाशी नेऊन चुरगळायला लागली.

"वैनी, ह्ये काय चाललंय?" चाचा म्हणाले.

"गाईच्या कानानं ऐकतीया," ही म्हणाली, आणि सगळी हकिकत सांगितली. चाचा काउंटरवर हात आपटून हसले. मग माळ्यावर चढून एक धुळीनं भरलेला रेनकोट घेऊन आले. बाहेरून जाड मऊ कापड, आतून रबर, रंग मातकट, पाठीवर चमकणारी पट्टी. हातात घेतला तर हे वजन!

"जड हाय म्हणून कुणी उचलत न्हाय. पर आवाज काडीचा न्हाय. घरी न्या, गाईला दाखवा, तिला न्हाय आवडला तर परत आणा. गिऱ्हाईक म्हणून गाय माझ्याकडं पयल्यांदाच आलीया."

घरी हिनं आधी परीक्षा घेतली. बाहीचं मनगट दोरीनं घट्ट बांधलं, आत तांब्यानं पाणी ओतलं आणि बाही सकाळभर आढ्याला टांगून ठेवली. दुपारी खालची फरशी चाचपली. थेंब नव्हता. मग आठवडाभर तो रेनकोट गोठ्यातच राहिला, गाईचा वास लागावा म्हणून. आमच्या गाईनं तिसऱ्या दिवशी त्याला मान घासली.

महिना संपत आला होता. एका सकाळी लोणी भापकरहून फोन आला. कालवड पहिल्यांदाच भरवायची, म्हणजे तिचं पहिलंच रेतन, आणि मागचा माज चुकलेला. आभाळ काळंकुट्ट. मी काही मागितलंच नाही, नुसता उभा राहिलो. तिनं चहाचा डबा उघडला, चावी झटकली आणि माझ्या हातावर ठेवली.

"जावा. पर आल्यावर मी हात घालणार."

वाटेत पावसानं झोडपलं म्हणजे किती! समोरचं दिसेना, मांडीत ओंजळभर पाणी साचलं, खांदे वजनानं भरून आले. आत मात्र उबदार. मी गाडीवर चक्क गुणगुणत होतो. गोठ्यात गेल्यावर हळूच पुढून गेलो, कालवडीनं बाही हुंगली, मग खरखरीत जिभेनं चाटली. पाच मिनिटांत काम झालं. मालक म्हणाला, "डॉक्टर, रेनकोट काढा की, चहा घ्या." म्हणालो, "चहा घेतो. रेनकोट काढायची घरून परवानगी नाही."

परत आलो तेव्हा ती दारातच होती. सरळ माझ्या मागं गेली. कॉलरमधून हात आत गेला, पार पाठीच्या मधल्या हाडापर्यंत. उजवीकडं फिरला, डावीकडं फिरला. मग नुसताच तिथं राहिला. हात गार होता, पण मी हललो नाही.

मग तिनं हात काढला, पदराला पुसायला गेली आणि तशीच थांबली, कारण पुसायला काही नव्हतंच. आत जाऊन फोन लावला. मला अंगणात ऐकू येत होतं.

"दादा, तू दुकानाला दुसरा माणूस बघ. व्हय, व्हय, न्हाय येत ते. आमचा माणूस कोरडा आलाय."

मी रेनकोट गोठ्यात निथळत टांगला आणि गाईच्या मानेवर हात टाकून बराच वेळ तिथंच उभा राहिलो. डोळे भरून आले होते. तसाच घरात गेलो असतो तर, भिजला म्हणून तिनं चावी परत डब्यात टाकली असती.