मधूभावजींचं ‘नको’

मधूभावजी गेल्याचं मला दुकानात कळलं. आमचं जुन्या पनवेलमध्ये औषधांचं दुकान आहे. संध्याकाळची गर्दी होती, हातात कुणाचं तरी प्रिस्क्रिप्शन होतं आणि फोनवर भावजींच्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर. ‘‘मॅडम, साहेब उठत नाहीयेत,’’ एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तळोज्याहून येताना भावजींना बसमध्ये झोप लागायची आणि पनवेलचा थांबा आला की तोच खिडकीच्या काचेवर टकटक करून त्यांना उठवायचा. त्या दिवशी टकटक करून झाली, हलवून झालं... त्यांच्या मोबाइलमध्ये माझं नाव ‘वहिनी मेडिकल’ असं होतं, म्हणून घरच्यांच्या आधी त्याने मला लावला. मी त्याला बस तशीच हॉस्पिटलला घे म्हटलं. समोरच्या बाईंना कोणतं औषध जेवणाआधी आणि कोणतं नंतर ते सांगितलं, आणि मग शटर ओढलं. त्यावरून पुढे एकदोघांनी मला ऐकवलं. पण त्या बाईंच्या घरात तापाने फणफणलेलं मूल होतं, आणि भावजी तेव्हा दुकानात असते तर त्यांनीही आधी औषध द्या, असंच म्हटलं असतं.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा ते कॉलेजात होते आणि घरात त्यांचं मुख्य काम म्हणजे चालू वस्तू उघडून बघणं. मिक्सर उघडला, रेडिओ उघडला. सासूबाई म्हणायच्या, ‘‘याला कुणी सांगा रे, देवघर तेवढं सोड.’’ पुढे घरात कॉम्प्युटर आला आणि सासूबाईंच्या मिक्सरला विश्रांती मिळाली. भावजी कंपनीत लागले, स्मिताशी लग्न झालं, आमच्याच गल्लीत वेगळं घर घेतलं, पण रविवार कॉम्प्युटरचा. आधी आमचा, मग शेजाऱ्यांचा, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचा. मशीन हळू झालं, अडकायला लागलं, व्हायरस शिरला की माणसं ते उचलून भावजींकडे आणत. पैसे ते घेत नसत. चहा घेत, आणि कुणी खायला काही आणलं तर तेही.

त्यांच्या हातून पहिली चूक झाली ती आमच्याच घरी. आमचा कॉम्प्युटर फॉरमॅट करायचा होता. ह्यांनी सांगितलं, ‘‘महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, तू कर बिनधास्त.’’ भावजींनी विश्वास ठेवला. आणि आमच्या मुक्ताच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो होते डेस्कटॉपवर, कारण ह्यांना सगळं डोळ्यांसमोर लागतं. जेवायला बसल्यावर ते लक्षात आलं. ह्यांचा चेहरा उतरला, भावजींचा त्याहून. मी म्हटलं, ‘‘अहो, फोटोच गेले ना? मुलगी बसलीय समोर. आमटी गार होतेय.’’ मला खरंच तसं वाटत होतं, अजूनही वाटतं. पण भावजी जेवले नाहीत. ताटावरून उठून पुन्हा त्या रिकाम्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले, आणि मुक्ता त्यांच्या पायाशी वायर चावत बसली होती.

त्यानंतर त्यांनी एक नियम केला. मशीन ठेवून कुणी निघालं की ते थांबवत. मालकाने शेजारी बसायचं. बॅकअप घेताना प्रत्येक फोल्डर उघडून दाखवायचा आणि विचारायचं, ‘‘ठेवू की नको?’’ मालकाने तोंडाने उत्तर द्यायचं. मान हलवलेली चालत नसे. सगळंच्या सगळं दुसऱ्या डिस्कवर ओतलं तर काम पटकन होईल, असं मी सुचवलं होतं. ‘‘ओतायला दोन मिनिटं लागतात वहिनी,’’ ते म्हणाले, ‘‘पण मग पुन्हा कुणी उघडत नाही. एकदा बघू दे ना त्यांना, आपल्याकडे काय आहे ते.’’

त्यामुळे त्यांच्या घरचे रविवार म्हणजे करमणूक असायची. चादरीत गुंडाळलेला सीपीयू रिक्षातून उतरायचा, मालक स्टुलावर बसायचा आणि घरातलं सगळं बाहेर यायचं. खारघरचे एक नवरा-बायको आले होते. नवऱ्याच्या फोल्डरमध्ये लग्नाआधीचा बायोडेटा निघाला, थोडेथोडे बदल केलेल्या कितीतरी प्रती. भावजींनी विचारलं, ‘‘ठेवू की नको?’’ तो म्हणाला, ‘‘राहू दे.’’ बायकोने मान वळवून बघितलं. ‘‘कशाला राहू दे? पुन्हा लागणारेय?’’ तो म्हणाला, ‘‘अगं, त्यात माझी उंची बरोबर लिहिलीय.’’ ‘‘उंची बरोबर आणि पगार?’’ भावजी स्क्रीनकडे बघत अगदी गंभीरपणे म्हणाले, ‘‘ठरलं की सांगा, तोवर मी चहा टाकायला सांगतो.’’ चहा होईपर्यंत बायकोने ‘नको’ ठरवून टाकलं. आतून स्मिता ओरडायची, ‘‘माझ्याशी दोन शब्द बोलायला वेळ नसतो, आणि लोकांचा कचरा बघत दिवस जातो याचा.’’ आणि ओरडत ओरडत सगळ्यांचा चहा ठेवायची.

आता त्या ‘नको’चं सांगते. आमच्या दुकानात मागच्या बाजूला एक खोकं असतं. मुदत संपलेली औषधं रॅकवरून काढून त्यात टाकायची, कंपनीचा माणूस येऊन घेऊन जाईपर्यंत ती तिथे पडून असतात. भावजी एकदा ते खोकं बघत उभे राहिले. ‘‘म्हणजे तुम्ही लगेच फेकत नाही?’’ मी म्हटलं, ‘‘फेकायचंच आहे, पण मध्ये थांबा लागतो. कधी चुकून चांगलाही माल येतो त्यात.’’ पुढच्या रविवारपासून लोक ज्याला नको म्हणत तेही ते आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लागले. मालकाच्या नावाचा फोल्डर आणि पुढे ‘नको’. लपवून नव्हे, सांगून. ‘‘वर्षभर ठेवतो. वर्षात आठवण आली तर न्या, नाही आली तर उडवतो. जागा लागते हो.’’ बहुतेक लोक हसत आणि विसरून जात. मला ते फारसं पटत नव्हतं. लोकांच्या भानगडी आपल्या घरात कशाला? मी तसं बोलूनही दाखवलं. ‘‘मी उघडत नाही वहिनी,’’ ते म्हणाले, ‘‘खोकं कुठे आपण उघडतो?’’

सुकापूरचे म्हात्रेकाका त्यातलेच एक. त्यांचं मूळ गाव खाडीकडचं, शेतीचं आणि मिठागराचं. विमानतळासाठी ते गाव उठलं, घरं पडली, मिळालेल्या पैशातून काकांनी सुकापूरला बंगला बांधला. काकांच्या मुलाने पाडकामाच्या आधी जुन्या घराचे फोटो काढून ठेवले होते. फॉरमॅटच्या वेळी ते समोर आले तेव्हा मी योगायोगाने तिथेच होते. कौलं, ओटा, ओट्यावर वाळत टाकलेलं काहीतरी. भावजींनी विचारलं. काकांनी स्क्रीनवरून तोंड फिरवलं. मग म्हणाले, ‘‘नको रं मधू. ते बगितलं का जेवान जात नाय. उडव.’’ भावजी म्हणाले, ‘‘वर्षभर ठेवतो काका.’’ ‘‘ठेव नायतर नको ठेव. मना नको दाखवू.’’ त्या थंडीत काकांनी पोपटीचं अख्खं मडकं पाठवलं होतं, वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्डीच्या पाल्याचा वास जिन्यापासून. फोटोंचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही.

भावजी गेल्यावर पहिले काही दिवस कागदपत्रांत गेले. ती कामं मला जमतात, मी केली. मग एका दुपारी स्मिता दुकानात आली. ती घरून एका ट्रान्स्पोर्टवाल्यांचे हिशेब बघते. त्यांनी नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं, भावजींच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते चालेना. दुरुस्तीवाला म्हणाला, फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकावं लागेल, बॅकअप घेऊन ठेवा. ‘‘मी त्याला सांगितलं, बॅकअप नको, सगळं उडवा,’’ स्मिता म्हणाली. मी म्हटलं, ‘‘बघून तर घे एकदा.’’ ‘‘मला काही बघायचं नाही, ताई. तुम्ही आग्रह करू नका.’’ त्या दोघांना मूलबाळ नाही. त्या घरात आता ती आणि तो कॉम्प्युटर. नोकरी टिकवायची तर तो चालायला हवा, आणि तो चालायचा तर भावजींचं सगळं त्यावरून पुसलं जाणार. तिने यावर उपाय काढला होता की न बघताच पुसायचं. मला हे कळत होतं. पण एकदा पुसल्यावर ते परत आणायचं दुकान नसतं, हेही कळत होतं.

रविवारी मी एक हार्ड डिस्क घेऊन तिच्याकडे गेले. स्टुलावर बसायला ती तयार नव्हती. ‘‘तुम्ही ठरवा, मी भाजी चिरते,’’ म्हणाली. मग मी भावजींच्या खुर्चीवर बसले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडून विचारायला लागले.

‘‘गोव्याचे फोटो?’’

‘‘नको.’’

‘‘आईंच्या पंच्याहत्तरीचे?’’

‘‘तुमच्याकडे आहेत ना? मग नको.’’

‘‘लाइटची बिलं?’’

‘‘ती ठेवा.’’

असं चाललं होतं. फोटोंत भावजी फारसे नव्हतेच, कारण काढणारे तेच. मग एक व्हिडिओ उघडला. कॉलनीमागचं मोकळं मैदान, स्मिता नव्या स्कूटरवर, तोल जातोय, आणि कॅमेऱ्यामागून भावजी, ‘‘ब्रेक दाब... अगं हॉर्न नको, ब्रेक... हां, आता सोड. नाही पडणार. मी आहे.’’ आवाज मोठा लागला होता. स्वयंपाकघरातला विळीचा आवाज थांबला. मी ते बंद केलं आणि काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने आतून आलं, ‘‘तेही नको, ताई.’’

मी पुढे गेले. पुढे लोकांचे ‘नको’ होते, आणि तिथे मी थबकले. यंदाचे असतील असं मला वाटलं होतं. पण त्यात गेल्या वर्षीचे होते, त्याच्या आधीचे होते, पार सुरुवातीपासूनचे. एकही उडवलेला नव्हता. मी स्मिताला हाक मारली, आणि हे तिचं स्वतःचं नव्हतं म्हणून असेल, ती हात पुसत आली. ‘‘मला तर दर दिवाळीला सांगायचा, साफसफाई झाली म्हणून,’’ ती म्हणाली. ‘‘मला म्हणायचा जागा होत नाही, मोठी डिस्क घेतो. मी म्हणायचे, घे बाबा.’’ आणि ती हसली. भावजी गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

दुसऱ्यांच्या वस्तू मी अशा ठेवणार नव्हते. फोन लावले. बहुतेकांना काय होतं तेच आठवेना. ‘उडवा’ म्हणाले, मी उडवलं. खारघरवाल्यांच्या बायोडेटासाठी मात्र बायकोच म्हणाली, ‘‘पाठवा, मला वाचायचाय.’’ म्हात्रेकाकांना फोनवर सांगितलं तेव्हा ते नुसतं, ‘‘हाय? अजून हाय ते?’’ असं म्हणाले, आणि तासाभरात आले. चपला काढून थेट स्टुलावर बसले. मी एकेक फोटो पुढे करत होते. ‘‘थांब जरा,’’ ते म्हणायचे. ‘‘ही ओटी. हितं माझा बा बसायचा. ह्यो कोनाडा, ह्यात आयेची पानाची चंची.’’ स्मिता दाराला टेकून ऐकत होती. सगळे फोटो झाल्यावर काका तिच्याकडे वळले. ‘‘मीच बोललो व्हतो त्याला, उडव म्हनून. तवा नवं घर बांदून नुकता आल्तो. त्या टायमाला बगवत नव्हतं, पोरी. आता बगवतंय.’’ एवढं बोलून त्यांनी पेनड्राइव्ह सदऱ्याच्या खिशात टाकला आणि खिशावर हात ठेवून जिना उतरले. स्मिता पुन्हा भाजीकडे गेली.

मग मी तिचं उत्तर बाजूला ठेवलं. जे जे तिने नको म्हटलं होतं ते सगळं डिस्कवर घेतलं. डिस्कला दुकानातली पांढरी कागदी चिकटपट्टी लावली आणि पेनने लिहिलं, ‘स्मिता – नको’. तिला दाखवलं. ‘‘माझ्याकडे राहील. वर्षभर. तू विचारल्याशिवाय मी विषय काढणार नाही.’’ तिने नुसती मान हलवली. तोंडाने सांग, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ते म्हणायचा हक्क ज्यांचा होता ते नव्हते. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला, कॉम्प्युटर कोरा झाला. नवं सॉफ्टवेअर व्यवस्थित चालतंय. तिचे मालक खूश आहेत.

परवा ती माझ्याकडे आली होती. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायच्या होत्या, त्या खरं तर दुकानातून मिळाल्या असत्या. घरी आली, बसली, इकडचं तिकडचं बोलली. पाणी पीत असताना मध्येच म्हणाली, ‘‘ताई, ते कुठे ठेवलंय?’’

‘‘लोखंडी कपाटात. पैठणीच्या मागे.’’

‘‘दमट नाही ना लागणार तिथे?’’

‘‘डब्यात घालून ठेवलंय. औषधांच्या डब्यात असतात ना, त्या ओल शोषणाऱ्या पुड्या घातल्यात.’’

तिने पेला खाली ठेवला. ‘‘काढू नका आत्ता.’’

‘‘कोण काढतंय?’’

मग पर्स उचलताना म्हणाली, ‘‘आणि वर्ष झालं की खरंच उडवणार तुम्ही?’’

‘‘हो, उडवणार,’’ मी म्हटलं. ‘‘भावजीही असंच सांगायचे.’’