पाण्यासकट वजन

माझ्या दाजींनी उभ्या आयुष्यात कुठल्याही काट्यावर विश्वास ठेवला नाही. देवावर त्यांचा विश्वास होता, माणसांवर अधूनमधून असायचा, पण वजन सांगणारी कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. सांगवीला त्यांची बागायती, ऊस आणि चार गाई. मी बारामतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, म्हणजे वजनाशी माझा संबंध फक्त रद्दीपुरता. त्यातही ते लक्ष घालायचे. दाजींना जाऊन फार दिवस झालेले नाहीत, त्यामुळे हे लिहिताना मध्ये मध्ये थांबावं लागतं.

उसाची ट्रॉली कारखान्यावर जाण्याआधी ते ती एका खाजगी काट्यावर घालत आणि मग दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून तंबाखू मळत बसत. त्यांचा नियम एकच होता. "जो जास्ती दावतो त्यो खरा. कमी दावायला काट्याला कुणीतरी शिकवावं लागतंय." हा नियम ते उसाला लावत तसाच गॅसच्या सिलिंडरला, लग्नातल्या पेढ्यांना आणि स्वतःलाही. त्यांच्या पिशवीत कायम एक ताणकाटा असे. भाजीवाल्या त्यांना लांबून पाहिलं की वांगी आधीच एक जास्त टाकून ठेवत, आणि त्यावरून दाजींचा संशय आणखी वाढे, की ही बाई आपणहून जास्त देते म्हणजे नक्की काहीतरी आहे. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी कौतुकानं सांगितलं की तुमचं वजन उतरलंय. दाजी काट्यावरून खाली उतरले, वाकून काट्याखाली काही घातलंय का ते बघितलं आणि म्हणाले, "डागदर, नव्वदच्या खाली मी कंदीच न्हवतो. काटा बदला." आपलं वजन जास्त आहे म्हणून भांडणारा तेवढा एकच पेशंट त्या डॉक्टरांना मिळाला असेल.

अक्काची गोष्ट वेगळी होती. तिला मूत्रपिंडाचा त्रास होता आणि डॉक्टर सांगून थकले होते की भरपूर पाणी प्या. घरी ती प्यायची. पण बाहेर जायचं म्हटलं की आदल्या संध्याकाळपासून तिचा तांब्या पालथा. "बाईमाणसानं रस्त्यात जायचं कुठं?" एवढंच ती म्हणे. असा एक प्रवास झाला की पुढे आठवडाभर ताप आणि कंबरदुखी. शेवटी तिनं गाव सोडणंच सोडलं. मग तिच्या मुलीला, सुरेखाला, हैदराबादला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं. ती इकडे येऊ शकत नव्हती. आईनं तिकडे जायला हवं होतं आणि आई पाण्याला घाबरत होती.

तेव्हा दाजींनी जाहीर केलं की आपण संडास असलेली गाडी घ्यायची. टेम्पोच्या सांगाड्यावर झोपायची सोय, शेगडी, टाकी, मागच्या बाजूला छोटी खोली, अशा गाड्या पुण्याजवळ एक जण बांधून देतो हे त्यांना कुठून कळलं होतं देव जाणे. मला बरोबर नेलं ते इंग्रजी वाचायला. गाड्या देखण्या होत्या. मालक आम्हाला पडदे दाखवत होता, दिवे दाखवत होता. दाजींनी पडदा बोटांनी चाचपला आणि विचारलं, "पासिंग किती?"

"एकूण वजनाचं ना? भरपूर आहे काका. रिकामी गाडी वजा केली तरी हजार किलो तुम्ही आरामात टाका."

"रिकामी म्हंजी कशी रिकामी?"

"म्हणजे, कंपनीतून येते तशी."

"आन् ही कपाटं? त्यो पलंग? बॅटऱ्या? ही काय कंपनीतनं येती व्हय?"

मालक पडद्याची चुणी सरळ करू लागला.

"पाणी धरलंय? डिझेल धरलंय? डायवर धरलाय का त्यो गाडीमागनं चालत येणाराय?"

त्या दिवशी आम्ही तिथून चहा न घेता निघालो. चहात साखर कमीच असणार असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढे आणखी दोन ठिकाणी असंच झालं. सगळीकडे कागदावरचा आकडा मोठा असे, आणि लाकूडकाम, टाकी, माणसं त्यातून वजा करत गेलं की एका म्हातारीच्या बोचक्यापुरती जागा उरे. इकडे सुरेखाचे महिने भरत आले होते. अक्का रोज फोनवर मुलीला सांगे, "तुझे वडील गाडी बघत्यात." अखेरीस एक लांबट, पडदे नसलेली, पातळ फळ्यांची गाडी दाजींना पटली. पटली म्हणजे तिच्याविषयी त्यांना सगळ्यात कमी संशय आला.

निघायच्या सकाळी गाडी भरली. अक्काचा मुलगा महेश चालवायला, अक्का, दाजी आणि मी. डिंकाचे लाडू, गूळ, बाळंतिणीचं सामान, गाद्या आणि काठोकाठ भरलेली पाण्याची टाकी. बारामतीच्या काट्यावर गाडी घातली, वजन पासिंगच्या, म्हणजे कागदावर मंजूर असलेल्या वजनाच्या, आत बसलं. महेशनं हसून चावी फिरवली. दाजी म्हणाले, वालचंदनगरला आणखी एक काटा आहे. तिथंही बसलं. मग इंदापूरजवळ हायवेला लागायच्या आधी तिसरा काटा आला आणि त्यानं पासिंगहून क्विंटलभर जास्त दाखवलं.

"आबा, दोन काटं बसतंय म्हणत्यात," महेश म्हणाला.

"म्हंजी दोघं बी लबाड."

"अवो, पण उसाचं येगळं. हितं आपल्याला कमीच पायजे न्हवं?"

"वजन काय आपल्याला इचारून बसतंय व्हय रं? जो जास्ती दावतो त्यो खरा."

अक्का आतून म्हणाली, "टाकीतलं निम्मं सोडून द्या की. मला काय लागतंय एवढं पाणी."

"पाण्याला हात लावायचा न्हाय," दाजी म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण महेश मागे सरला.

मग ते एकेक वस्तू बघत राहिले. लाडवांचा डबा उचलला, ठेवला. गादी दाबून पाहिली. शेवटी माझ्याकडे बघितलं. "पाव्हणं, तुमी उतरून काय हुतंय. तुमच्यापरीस तुमची पुस्तकं जड." त्यांनी माझी पुस्तकांची पिशवी खाली घेतली, आपली पिशवी घेतली आणि स्वतःही उतरले. गाडी पुन्हा काट्यावर घ्यायला लावली, पुढे जाऊन आकडा वाचला, परत वाचला. "आता बसलं. जावा तुमी. मी यस्टीनं येतो."

आम्ही पोचलो तेव्हा दाजी सोलापूरमार्गे आमच्या आधीच सुरेखाकडे येऊन तिच्या बाथरूममधल्या वजनकाट्याकडे रोखून बघत बसले होते. पुढचं सगळं नीट पार पडलं, मुलगी झाली. ती गाडी नंतरही बरीच फिरली आणि दाजी बहुतेक वेळा काही ना काही कारण काढून मागून एस.टी.नं आले. त्यांच्या सहवासात मलाही एक संशय जडला आहे, तो आता कुणाला विचारायची सोय राहिली नाही. तिसरा काटा खोटा आहे हे त्यांना कळलं नसेल, हे मला खरं वाटत नाही. तरुणपणी जीपनं कुठं जाताना अक्का थांबायचं म्हणाली की ते म्हणत, "आता कुठं थांबायचं, आलंच की गाव." गाव तासाभरानं येई. अक्कानं मग थांबायचं म्हणणंच सोडलं होतं. गाडीत संडास असला, तरी आपण समोर असलो तर जुन्या सवयीनं ही पाण्याचा थेंब घेणार नाही, असं त्यांच्या मनात आलं असेल का? तसं असेल तर तो हिशेब त्यांनी कुणालाही दाखवला नाही.

त्या दिवशी हायवेला लागल्यावर बराच वेळ अक्का खिडकीशी बसून होती. मग उठली, कठड्याला धरत मागच्या खोलीत गेली, परत आली, पदरानं हात पुसले.

"बाळू, पाणी दे रं."

मी पेला भरून दिला. तिनं सगळा संपवला आणि पुन्हा पुढे केला. दुसरा अर्धा पिऊन झाल्यावर पेला मांडीवर धरून ती मागच्या रस्त्याकडे बघू लागली.

"सकाळधरनं चा बी घेतला न्हाय त्यांनी," ती म्हणाली. "यस्टी मिळाली असंल का?"