आधी बोंझूर

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी हे सांगते, तशी सवयच आहे. लातूरकडच्या आमच्या गावात माझी आई शाळेचे वर्ग झाडायची आणि तिची मुलगी कुवेतमधल्या इस्पितळाच्या लॅबमध्ये टेक्निशियन झाली. त्याचा अभिमान होता, आजही आहे. पण पुढचं जे लिहितेय, ते लिहिताना मान खाली जाते.

लॅबमधल्या आम्हा बाहेरच्या लोकांची कंत्राटं वाढवणार नाहीत, असं कळलं तेव्हा हातात तीन महिने होते. नवऱ्याचं कुवेतच्याच शुवैख भागातलं काम आधीच सुटलेलं. दुसरी नोकरी मिळाली नाही तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपणार आणि मुलीची शाळा अर्ध्यावर सोडून गाव गाठावं लागणार. अशात कॅनडातल्या क्युबेक प्रांतातल्या एका लॅबने माझा अर्ज घेतला. अट एकच, व्हिडिओवरची मुलाखत फ्रेंचमध्ये होईल. कॅनडाच्या आशेने वर्षभर मोबाइलवर गिरवलेलं फ्रेंच मला वाचता यायचं, बोलता येत नव्हतं.

त्यांनी नवीन येणाऱ्यांसाठी प्रांताची ओळख करून देणारी एक पुस्तिका पाठवली होती. मी ती घडाघडा पाठ करायला घेतली. नदी कुठून वाहते, बर्फात कोणते बूट घालावेत, घर भाड्याने घेताना काय विचारावं. परीक्षा म्हटली की पाठांतर, त्यावरच तर मी इथवर आले. नवरा म्हणायचा, "तिथल्या थंडीत तू टिकशील गं, पण तुझ्या फ्रेंचपुढे ती माणसं टिकतील का?"

अब्बासियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडक्या लावून, हळू आवाजात दर गुरुवारी दत्ताची आरती होते. मी अकरा गुरुवार धरले. दिवा लागायच्या आतच माझं मागणं सुरू व्हायचं. नोकरी दे, जीभ वळू दे, शिकवणारं कुणीतरी पाठव. सात गुरुवार गेले, कुणी आलं नाही. खरं सांगते, मी देवावर रुसले.

आठव्या गुरुवारच्या आदल्या दिवशी लॅबच्या पँट्रीत, म्हणजे चहाच्या खोलीत, पुस्तिका मोठ्याने वाचत होते. लादी पुसणारी बाई थांबली आणि तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "मॅडम, तुम फ्रेंच को इंजेक्शन लगाता है क्या?" मग पोछा भिंतीला टेकवून तिने ते अख्खं पान वाचून दाखवलं, सरळ, पाणी वाहावं तसं. ती आफ्रिकेतल्या टोगोची. तिथलं शाळेचं शिक्षणच फ्रेंचमध्ये. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हिला कसं येतं? मी, वर्ग झाडणाऱ्या बाईची मुलगी.

दुसऱ्या दिवसापासून चहाच्या सुट्टीत ती मला शिकवू लागली. पुस्तिका तिने पहिल्याच दिवशी मिटली. ती दुकानदार, मी गिऱ्हाईक. मी दारातून येऊन विचारलं, पाव कुठे आहे? तिने तोंड फिरवलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी चिडले तेव्हा म्हणाली, "पहले बोंझूर. दुकान में, बस में, सफाईवाली को भी. उसके बाद काम का बात." आणि हसत पुढे, "चार साल मेरा गीला फर्श पे चलता है, मॅडम. एक दिन सलाम नहीं."

घरी येऊन पुस्तिका उघडली. दुसऱ्याच पानावर तेच लिहिलं होतं, कुणालाही काही विचारण्याआधी बोंझूर म्हणून अभिवादन करा. ती ओळ मी पेनाने अधोरेखित केलेली होती.

तीन आठवड्यांनी मुलाखत झाली. बरी चालली होती. शेवटी समोरच्या बाईंनी विचारलं, इतकं मोकळं बोलायला कुणी शिकवलं? म्हटलं, लॅबमधल्या मैत्रिणीने. त्या म्हणाल्या, वा, नाव काय तिचं?

मला ते माहीत नव्हतं.

माझ्या आईला शाळेत आयुष्यभर "ए बाई" म्हणाले. निरोपाच्या दिवशी शालीबरोबरच्या कागदावर लिहायला हेडमास्तरांनी तिलाच नाव विचारलं. तेव्हा मी कॉलेजात होते आणि रागाने रात्रभर जागी होते. ते सगळं त्या एका क्षणात समोर आलं. मी म्हणाले, "माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. मला लाज वाटते." त्या मुलाखतीत मनातून आलेलं माझं पहिलं वाक्य तेच.

आठवड्याने निवडीचं पत्र आलं. का आलं, यावर मी काही म्हणणार नाही. पत्र वाचून आधी पँट्रीत गेले. बोंझूर म्हटलं आणि नाव विचारलं. तिने छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. आफी. "चार साल से इधरही लिखा है, मॅडम," म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही. मी वाकून तिच्या पाया पडायला गेले, तर तिने घाबरून मला वरच्या वर धरलं.

शिकवणारं कुणीतरी पाठव म्हणत मी देवाला वेठीला धरत होते आणि त्याने पाठवलेलं माणूस रोज माझ्या पायाखालची लादी पुसत होतं. देवाकडेही मी कधी नमस्कार करून गेले नव्हते, यादी घेऊनच जायचे. आता गुरुवारी दिवा लावते, नमस्कार करते, आणि बराच वेळ काहीच मागत नाही.