सुकदेवनानांचा हिरवा रंग

एका श्रद्धांजलीच्या फोटोत मी वारलेल्या आजोबांची टोपी घालवली. लग्नाच्या घोळक्यातून त्यांना कापून घेताना मागच्या चुन्याच्या भिंतीबरोबर पांढरी टोपीही खोडली गेली. चित्रं बघायच्या सॉफ्टवेअरात खोडलेली, पारदर्शक जागा पांढरीच दिसे. त्यामुळे पडद्यावर टोपी जागच्या जागी होती. छापताना मागे निळं आकाश घातलं, आणि आजोबांच्या कपाळापासून थेट ढग सुरू झाले.

दुकान सुकदेवनानांचं, धुळ्याला देवपुरात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कॉम्प्युटर घेतला. मी दिवसा शाळामास्तर आणि संध्याकाळी त्यांचा 'तज्ज्ञ'. नाना रागावले नाहीत.

"मास्तर, पोरांचे पेपरही असेच तपासता का?" म्हणत त्यांनी सॉफ्टवेअरातला मागचा रंग गर्द हिरवा केला. टोपीच्या जागी हिरवं भगदाड दिसलं. "पांढरावर पांढरं दखास नही," ते म्हणाले. तेव्हापासून दुकानात मेलेला प्रत्येक माणूस आधी हिरव्यावर बघितला जाई.

गिऱ्हाईक गेलं की नाना त्याचा फोटो कॉम्प्युटरमधून पुसून टाकत. "लोकांचं माणूस आपल्याकडे ठेवू नये."

एकदा भडगावकडचे एक आबा आले. फोटोत त्यांची सून, मांडीवर तान्ही नात. सून विहिरीत गेली होती. पडली की काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मुलाचं दुसरं लग्न ठरलं होतं.

"पोर ठेवा, हाई काढी टाका. नवी येई, तिले दखाले नको."

मी आईला खोडलं. नानांनी हिरवा रंग लावला. बाळाच्या पोटावर आईचे दोन्ही हात मात्र राहिले होते, बांगड्यांपर्यंत.

"हात काढले तर पोर फाटेल, आबा," नाना म्हणाले.

"भरी द्या ना काहीतरी."

"भरता येतं. मी भरणार नाही."

आबा फोटो उचलून निघून गेले. नानांनी नियमाप्रमाणे मूळ फोटो पुसला. माझं अर्धवट काम तेवढं माझ्या आळसामुळे कॉम्प्युटरमध्येच राहून गेलं.

पुढे त्या सुनेचे वडील दुकान शोधत आले. "तिना बठ्ठा फोटो त्यास्नी जाळी टाकात. तुमनाकडे एखादा शे का?"

मूळ फोटो तर नानांनी पुसलेला होता. मी चाचरत ते अर्धवट चित्र उघडलं. हिरव्यावर बाळ, आणि बाळाला धरलेले हात. म्हाताऱ्याने चष्मा पुसला, पडद्याजवळ गेला.

"ह्या मनी पोरना हात शेतस. बांगड्या मीच लयेल व्हत्या."

नानांनी छापायला घेतलं. मागे कोणता रंग घालू, विचारलं. "शे तसंच द्या." "नात भेटू देतील तवय तिले देसू," म्हणत म्हाताऱ्याने कागद शर्टाच्या आत घातला.

त्यानंतर नानांनी एकही फोटो पुसला नाही. कॉम्प्युटर भरून कुरकुरू लागला, तरी नाही. पुढच्या उन्हाळ्यात काविळीने नाना गेले.

सुनेचे वडील येऊन गेले त्या संध्याकाळी घरी येऊन मी सगळं बायकोला सांगितलं होतं. आळसाचा फायदा झाला, हेही सांगितलं, ती हसेल म्हणून. ती हसली नाही.

"पोरगी मोठी होईल, हात बघेल," ती म्हणाली. "मग बाकीची आई कुठे गेली, ते तिला कोण सांगणार?"