टेबल हलवू नका

काल मी रंगाऱ्यावर ओरडलो, "टेबल हलवू नका, दादाला लागेल." दादाला जाऊन चार वर्षं झाली.

माझा हा आंधळा मोठा भाऊ मुलुंडच्या आमच्या घरात पावलांच्या अंदाजाने बिनधास्त फिरायचा. मागच्या वेळी रंग लावताना मी न सांगता टेबल सरकवलं आणि तो थेट बादलीवर आपटला. ओल्या रंगाचा असाच वास होता.

"कुठला रंग रे?"

"पिस्ता."

"शोभतोय ना मला?"

आम्ही पोट धरून हसलो. आता मात्र भिंत शोधणारा त्याचा हातच दिसत राहतो. तो आपटला त्या दिवसापासून टेबल जागचं हललं नाही.

रंगारी ताटकळला होता. बायको त्याला म्हणाली, "उचला हो. दादांना परत कधीच लागलं नाही. रोज धडकतो तो हा डोळेवाला."