दोन पावलं मागे

इथे परदेशात, बिशानला, आमच्या मजल्यावर एक पंजाबी म्हातारे राहतात, लेकीकडे. कॅनडात वकील होते, तिथल्या एका प्रांताचे आमदारही. लिफ्टपाशी सगळ्यांशी हात मिळवतात, जणू उद्या मतदान आहे. मला अशा माणसांचा कंटाळा.

बेल वाजवली की ते दोन पावलं मागे सरून उभे राहतात. मी एकदा हिंदीत विचारलं, "वकीलसाहेब, आम्ही काय चावतो?"

"प्रचाराची सवय, भाईसाब. आपण नको असलो तर समोरच्याला दार लावता यावं."

"मग मतं मिळाली?"

"तीनदा. चौथ्यांदा पाडलं."

माझी ही गेली आणि मी दार उघडणं सोडलं. जो तो आत घुसून मला समजावायचा. एका दुपारी दाराच्या भिंगातून पाहिलं, तर वकीलसाहेब मागे सरून उभे. पुन्हा बेल नाही, हाक नाही. बऱ्याच वेळाने मीच उघडलं. हिच्या फोटोसमोर तासभर बसले, मग उठून गेले.

परवा त्यांचा भाऊ तिकडे कॅनडात वारला. लेक म्हणाली, खोलीबाहेर येत नाहीत. आज ती कामावर गेल्यावर मी त्यांची बेल वाजवली, एकदाच, आणि दोन पावलं मागे सरलो.