आईचं इन्सुलिन आणि माझा फ्रिज

मला विमानतळावर नेणारी कॅब सोसायटीच्या गेटशी येऊन उभी राहिली तरी पप्पा कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच होते. चाकणची फर्स्ट शिफ्ट संपवून थेट आलेले. आईने बुद्धमूर्तीसमोर त्रिसरण म्हणायला लावलं, हातात शेंगदाण्याच्या चटणीची बरणी कोंबली आणि अख्ख्या पिंपळे सौदागरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिकडं थंडी असते, कान झाकत जा!" मी चिडले. लोक बघत होते ना. बघू द्यायचं होतं, असं आता वाटतं.

तिकडेच राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं उडून आलेल्यांनो, हसायचं तर हसा, पण ऐका.

नेदरलँड्समध्ये मी क्वांटम कॉम्प्युटरचं हार्डवेअर बनवते. म्हणजे नखाएवढी चिप तांब्याच्या पट्टीवर बसवते, तिला केसासारख्या वायरी जोडते आणि माणसाहून उंच फ्रिजमध्ये टांगते. हा फ्रिज अवकाशापेक्षाही थंड होतो, कारण जराशी ऊब लागली तरी चिपमधलं सगळं गणित बोंबलतं. तो थंड व्हायला दिवस लागतात आणि मधेच उघडता येत नाही. कुठे बारीकशी गळती निघाली, की पुन्हा गरम करा, खोला, सगळं पहिल्यापासून.

घरी एवढं कोण सांगत बसणार? "फ्रिज थंड होतोय, आत्ता निघता येत नाही," एवढंच सांगायचे. चुलतबहिणीच्या लग्नाला तेच, पप्पांच्या रिटायरमेंटलाही तेच. कधी ते खरं असायचं, कधी अर्धंच. पप्पांनी त्यावरून आपलं आपण ठरवून टाकलं, की लेक फ्रिजच्या कंपनीत मोठी इंजिनिअर आहे. सोसायटीत कुणाचा फ्रिज बिघडला की हे छाती फुगवून हजर. "आमच्या लेकीला विचारू का?" मला त्याची गंमत वाटायची. नीट समजावून सांगायचा मात्र कंटाळा.

मग गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली होती. शुगर भयंकर वाढलेली. काकू म्हणाल्या, "अगं, तुमचा फ्रिज कधीचा बंद आहे. इन्सुलिन ती माझ्याकडे ठेवायची, पण आम्ही गावी गेलो तर हिने डबा माठात बुडवून ठेवला! औषध खराब होणार नाही तर काय?"

माझ्या डोक्याची शीर तडकली. पप्पांवर फोनवरच ओरडले, "मेकॅनिकला का नाही बोलावलं? नवा का नाही घेतला?"

"तू हाइस की फ्रिजमधली," ते शांतपणे म्हणाले. जालन्याकडून चाकणला येऊन जन्म गेला, पण भाषा तिकडचीच राहिली. "तुझी आई म्हणली, लेक आली की बघंल."

फोन ठेवला. समोर माझा फ्रिज घरघरत होता, आतली चिप जगातल्या सगळ्यात थंड जागांपैकी एका जागी मजेत बसलेली. आणि माझ्या आईचं औषध माठात. मला स्वतःची लाज वाटली, अगदी सरळ सांगते. सहकाऱ्याला म्हटलं, तू सांभाळ. त्याने सांभाळलं. असं कुणाला तरी सांगता येतं, हेसुद्धा इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

घरी पोहोचले तर फ्रिज भिंतीपासून ओढून मधोमध ठेवलेला. आईने तो आतून-बाहेरून घासून लख्ख केला होता, पाहुण्यांपुढे पोर न्हाऊमाखू घालून आणावी तसा. ती वाळली होती. मी पप्पांना बाल्कनीत नेलं आणि हळूच म्हटलं, "पप्पा, मला हा फ्रिज दुरुस्त करता येत नाही. माझं काम वेगळं आहे."

"म्हाईत हाय मला. कंपनीत प्रेस मशीनवर जन्म गेला माझा, एवढंबी कळंना का?"

"मग?"

"तुझ्या आईला आस लागली होती. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे. औषधाचं असं होईल हे ध्यानात आलं न्हाई. चुकलंच माझं." आणि लगेच, "आता आलीयस तर खोल थोडा. तिला बघू दे."

मी खोलला. पप्पा स्क्रू-ड्रायव्हर देत राहिले, आई शेजारणींना बोलावून दाखवत राहिली. तासाभराने मी गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं, की कॉम्प्रेसर गेलाय, नवाच घ्यावा लागेल. "बघा, पोरीने बरोबर पकडलं!" आई म्हणाली. संध्याकाळी जाऊन नवा फ्रिज आणला. इन्सुलिन दाराच्या कप्प्यात मी माझ्या हाताने ठेवलं. आठवड्यात परत निघाले, माझी चिप वाट बघत होती. आईची शुगर आता ताब्यात आहे.

घर म्हणजे काय, असं इकडे आम्ही जेवताना एकमेकांना विचारतो आणि मोठमोठी उत्तरं देतो. मी हल्ली तेवढ्यात चटणीची बरणी पुढे सरकवते.

परवा आईचा फोन होता. "फ्रिज एकदम मस्त चाललाय गं," ती म्हणाली. आणि मग, "मिक्सर तेवढा आवाज करायला लागलाय. पण आम्ही कुणाला दाखवला नाही हं अजून."

"बघते," मी म्हणाले. तिकीट अजून काढलेलं नाही.